सातवी ओळ

चष्म्याच्या दुकानात बोलायला फार शब्द लागत नाहीत. "बसा", "हनुवटी वर", "आता बरं की मघाचं बरं?" आणि शेवटी "गुरुवारी मिळेल". एवढ्या भांडवलावर या चष्मेवाल्याने एकोणीस वर्षं दुकान चालवलं होतं. सवय इतकी अंगात मुरलेली की घरीही माणूस तसाच. बायकोने खिडकीला नवा पडदा लावला की हा दोन पावलं मागे जायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "मघाचं बरं होतं."

"माझ्याशी लग्न करताना काच बदलून बघितली नाहीत, हे माझं नशीब," बायको म्हणायची.

ही बायको सध्या घरी नव्हती. ती परिचारिका. दूरच्या शहरात वृद्धांच्या रुग्णालयात दोन वर्षांच्या करारावर गेली होती आणि त्यातले सात महिने झाले होते. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन यायचा. ती विचारायची, "कसं काय?" हा म्हणायचा, "ठीक. तुझं?" ती म्हणायची, "ठीक." मग फोन मुलीकडे जायचा, तीही म्हणायची, "ठीक." तिघांचंही सगळं ठीक आहे एवढं ठरायला दर रविवारी अर्धा तास जायचा.

मुलगी नऊ वर्षांची. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून तिला बारकी म्हणू लागले. पुढे ती आईवर गेली आणि ताडमाड वाढली, पण नाव लांब करायचं कुणाला सुचलं नाही. शाळा सुटली की ती दुकानात येई, कोपऱ्यातल्या टेबलावर वहीत डोकं खुपसून बसे. कधी गिऱ्हाईक असे, बहुतेक वेळा नसे. असलं तरी दुकानात एक प्रकारची शांतता असायची, कारण डोळे तपासून घेणारा माणूस परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो.

दुकान लांबीला तोकडं. म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे वर टांगलेला आणि समोरच्या भिंतीवर आरसा. गिऱ्हाइकाने आरशात बघून वाचायचं. तक्ता म्हणजे काळ्या काचेची पेटी होती. आत दिवा लागला की सात ओळी उजळायच्या, वर टोपलीएवढं अक्षर आणि खाली मुंगीएवढी. दिवा नसला की नुसती काळी काच. बटण काउंटरच्या मागे, चष्मेवाल्याच्या गुडघ्यापाशी.

संध्याकाळी सातला, दुकान बंद करायच्या आधी, बारकी त्या खुर्चीत चढून बसे. चष्मेवाला बटण दाबी आणि काउंटरमागूनच ऐके. बारकी सुरू करी. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, करत करत सातवीपर्यंत. सातवी ओळ शहरातल्या दहांतल्या सात जणांना वाचता येत नाही. बारकी ती एका दमात म्हणे, "टी, झेड, एल, ओ, पी, एफ, डी."

"शाब्बास! सहा बाय सहा," चष्मेवाला म्हणे. म्हणजे नजर अगदी चोख.

मग शटर ओढायचं, चालत घरी जायचं, जेवायचं, झोपायचं. दिवसभरात बापलेकीचं जे काही बोलणं व्हायचं ते हेच. त्यातही निम्मं तक्त्यावरचं.

*

चिठ्ठी आली ती वहीत टाचून. "कृपया शनिवारी दहा ते दहा-दहा या वेळेत भेटावे. वर्गशिक्षिका." चष्मेवाल्याने ती तीनदा वाचली. चिठ्ठीत रागाचा एक शब्द नव्हता, त्यामुळे तो जास्तच घाबरला.

समोरच्या न्हाव्याने मात्र चिठ्ठी न वाचताच सल्ला दिला. "एक लक्षात ठेव. बाई काय म्हणतील त्याला मान हलवायची. दिवसभर पोर त्यांच्या हातात असतं. ज्याच्या हातात वस्तरा, त्याच्याशी वाद घालायचा नाही."

"वाद कशाला घालीन?"

"सगळे असंच म्हणून जातात. आणि मग इथे येऊन बसतात, डोक्याला थंड पाणी मारायला."

शाळेत पालकांना बसायला मुलांचेच बाक होते. त्या बाकावर बसल्यावर कोणताही पालक आपोआप आठ वर्षांचा होतो. चष्मेवाल्याचे गुडघे हनुवटीला लागले. समोर बाई. पन्नाशी ओलांडलेल्या, सरळ बसणाऱ्या, टेबलावर घड्याळ उलटं, म्हणजे पालकाला दिसेल असं ठेवणाऱ्या. भिंतीला लागून पुढचे पालक उभे होते आणि छताकडे बघत सगळं ऐकत होते.

"तुमची मुलगी फळ्यावरचं उतरवून घेत नाही," बाई म्हणाल्या. "शेजारणीच्या वहीत बघते. विचारलं तर 'मला येत नाही' म्हणते. तोंडी विचारलं तर कधी कधी बरोबर सांगते. परवा रस्त्यात मी समोरून गेले, हसले, तर ती माझ्याकडे बघून तशीच निघून गेली."

"लाजते."

"लाजणारी मुलं खाली बघतात. ती माझ्याकडे बघत होती." बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे की तिला सावकाश तुकडीत घालावं. तिथे मुलं कमी असतात, अभ्यास बेताचा. एकदा तिकडे गेलेलं मूल सहसा परत येत नाही, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगते. सोमवारपर्यंत पालकांची सही लागेल. पण त्याआधी मला एक विचारायचंय. तिचे डोळे तपासले आहेत का?"

इथे खरं तर मान हलवायची होती. न्हाव्याने तसं बजावलं होतं. पण प्रश्न डोळ्यांचा निघाला आणि चष्मेवाल्याचा कणा ताठ झाला. जेवढा त्या बाकावर होऊ शकत होता तेवढा.

"बाई, तिचे डोळे मी रोज तपासतो."

"रोज?"

"रोज. रविवार सोडून. जगात कुठल्या मुलाचे तपासत नसतील इतके."

"आणि?"

"सातवी ओळ वाचते. आजवर एक अक्षर चुकलेलं नाही." आवाज जरा चढला. भिंतीजवळचे पालक छताकडे अधिक मन लावून बघू लागले. "तुम्ही फळा कधी पुसता का? नुसत्या कोरड्या फडक्याने पुसला की पांढरट होतो. त्यावर पांढऱ्या खडूने लिहिलं तर दिसणार काय? माझी मुलगी मठ्ठ नाही."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"कागद म्हणतो."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाटत होतं डोळ्यांचं असावं. मी मनातून तसं धरूनच बसले होते. पण तुम्ही म्हणता डोळे चांगले आहेत आणि तुमचा तो धंदाच आहे. मग मला दुसरं काही सुचत नाही हो."

घड्याळात दहा-दहा झाले. चष्मेवाल्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाकातून बाहेर यायला त्याला अर्धं मिनिट लागलं. रागाने निघून जायचं असेल तर त्या बाकावर बसू नये.

*

"झाला ना वाद?" न्हावी दुकानाच्या दारातूनच म्हणाला.

चष्मेवाल्याने शटर वर ढकललं.

"फळ्यावर गेलास की त्यांच्या अक्षरावर?"

"फळ्यावर."

"बरं झालं. अक्षरावर गेला असतास तर जन्मात माफ केलं नसतं."

रविवारी अकराला फोन आला. "कसं काय?" बायकोने विचारलं.

"ठीक. तुझं?"

"ठीक. बारकी म्हणाली होती, बाईंनी बोलावलंय. काय म्हणाल्या?"

"काही नाही. नेहमीचं."

"भांडलात?"

"छे! फळ्याबद्दल थोडं बोललो."

पलीकडे लांबच्या कुठल्या तरी खोलीत कुणाची तरी घंटा वाजत होती, कुणा म्हाताऱ्याला पाणी हवं असेल. "जाते मी," बायको म्हणाली. "बारकीला सांगा, पुढच्या रविवारी बोलू."

सही न केलेला कागद टेबलावर होता. बारकीने तो पाहिला, नाकापर्यंत उचलून वाचला आणि जसा होता तसा ठेवला. तिचं कागद नाकाला लावून वाचणं चष्मेवाल्याला दिसलं नाही. तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. आठवड्याला चाळीस अनोळखी लोकांच्या डोळ्यांत डोकावणारा हा माणूस. दिव्याखाली अंधार ही म्हण आता तुमच्या ओठांवर आली असेल. ती तिथेच राहू द्या. पुढे न्हावी ती त्याला अकरा वेळा ऐकवणार आहे.

"बाबा, सावकाश तुकडी म्हणजे कुठली?"

"काही नाही. वेगळा वर्ग असतो."

"तिथे खिडकी आहे?"

"असेल."

त्या दिवशी रविवार असूनही दोघं संध्याकाळी दुकानात गेली. घरात बसवेना. सात वाजले. बारकी खुर्चीत चढली, त्याने बटण दाबलं, आणि चष्मेवाल्याने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मनात म्हटलं की हिचं एक तरी अक्षर चुकू दे. 'ओ'च्या जागी 'सी' म्हण. 'एफ'च्या जागी 'पी' म्हण, सगळे म्हणतात. एक चूक कर आणि मी तुला डोक्यावर घेऊन नाचतो.

"टी, झेड, एल, ओ, पी, एफ, डी," बारकी म्हणाली.

प्रत्येक अक्षर बरोबर होतं, आणि प्रत्येक बरोबर अक्षरामागे मुलगी थोडी थोडी सावकाश तुकडीकडे सरकत होती.

"शाब्बास," चष्मेवाला म्हणाला. पुढचं 'सहा बाय सहा' काही निघालं नाही. बारकी खुर्चीत तशीच बसून राहिली, त्याच्या दिशेने चेहरा करून, बाकीचं येतंय का याची वाट बघत.

*

सोमवारी सकाळी त्याने सही केली, खोडली, पुन्हा केली आणि कागद शाळेत पाठवलाच नाही. दुपारी चार गिऱ्हाइकं आली. एकाला त्याने दुसऱ्याचा चष्मा दिला. गिऱ्हाईक म्हणालं, "हाच बरा आहे," आणि घालून गेलं.

पावणेसातला दारात बाई उभ्या होत्या.

शाळेबाहेरच्या बाई त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. हातात पिशवी, पिशवीत एका माणसाला पुरेल एवढी भाजी. बारकी टेबलावरून चटकन उठली. मुलांना वाटतं बाई शाळेतच राहतात, रात्री कपाटात.

"कागद न्यायला आलात?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही. फळ्याचं सांगायला आले." बाई उंबऱ्यापाशीच थांबल्या. "ओल्या फडक्याने पुसला. दोनदा. खडू नवे आणले, पिवळे. तुमचं म्हणणं बरोबर होतं, मागच्या बाकावरची तीन मुलं म्हणाली, बाई, आता छान दिसतं."

"आणि ही?"

"ही नाही."

त्याने रागाच्या भरात फेकलेलं एक वाक्य या बाईंनी उचलून, धुऊन, वापरून पाहिलं होतं. एकोणीस वर्षांत त्याचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

"ती मागच्या बाकावर बसते?"

"वर्गात सगळ्यांत उंच आहे. पुढे बसवली तर मागच्यांना भिंत होते. घरी काय म्हणता तिला?"

"बारकी."

बाईंनी बारकीकडे खालून वर पाहिलं. "वा," त्या म्हणाल्या. मग चष्मेवाल्याकडे वळल्या. "ती रोजची तपासणी असते ना, ती बघू का? सव्वीस वर्षं शिकवतेय. मुलं माझ्याकडे कशी असतात ते मला ठाऊक आहे. तुमच्याकडे कशी असतात ते कधी बघितलं नाही. कुणी बोलवत नाही, आणि मीही जात नाही."

"बघा की," चष्मेवाला म्हणाला. "बारके, बस."

बारकी खुर्चीत चढली. बाई उभ्याच होत्या. बाईंना बसायला काहीतरी द्यायला हवं म्हणून चष्मेवाला काउंटरमागे वाकला. तिथे खोकी, खोक्यांखाली जुन्या फ्रेमी, फ्रेमींखाली एक तीन पायांचं स्टूल होतं आणि त्याचा चौथा पाय कुठे आहे याचा तो शोध घेत होता. तेवढ्यात खुर्चीतून आवाज सुरू झाला. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. चौथी. सराईत, एका लयीत.

वाकलेल्या चष्मेवाल्याच्या डोळ्यांसमोर, गुडघ्याच्या उंचीवर, बटण होतं. त्याने अजून त्याला हात लावलेला नव्हता.

तो उठला नाही. पाचवी ओळ त्याने खाली बसूनच ऐकली. सहावीही. पेटी काळी होती. आरसा काळा होता. "टी, झेड, एल, ओ, पी, एफ, डी," बारकी म्हणाली आणि थांबली, आणि बापाच्या दिशेने चेहरा करून वाट बघू लागली.

रस्त्यावरून एक सायकल गेली.

"दिवा लावायचा असतो का हो त्यात?" बाईंनी अगदी हळू विचारलं.

"हो," काउंटरखालून आवाज आला.

*

पुढचं काम त्याने निमूटपणे केलं. बारकीला दारात उभं केलं आणि समोरच्या न्हाव्याच्या पाटीकडे बोट केलं. "तिथे काय आहे?"

"न्हावीकाका."

"ते माहितीये म्हणून. दिसतं काय?"

बारकीने डोळे बारीक केले. खूप वेळ. "लाल आहे काहीतरी."

पाटीवर हातभर अक्षरं होती. पाटीखाली न्हावी स्वतः उभा होता आणि हात हलवत होता.

चष्मेवाल्याने तिच्या नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम ठेवली. काचा घालायला सुरुवात केली. पहिली काच, दुसरी. फ्रेम तिच्या नाकावरून घसरत होती, म्हणून प्रत्येक काच खाचेत बसायला वेळ लागत होता. बाईंनी न विचारता फ्रेम एका बाजूने धरून ठेवली. चौथ्या काचेला बारकी म्हणाली, "अरे!" आणि पाटी वाचली. पाटीवरची वेळ वाचली. न्हाव्याच्या सदऱ्याला एक बटण नाही हेही सांगितलं.

मग ती वळली आणि तिने बापाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चष्मेवाला काउंटरच्या पलीकडे, नेहमीच्या जागी गेला होता.

"बाबा, तुमचा चेहरा असा असतो?"

"कसा?"

"असा. दमलेला." तिने जरा विचार केला. "मला वाटायचं शाब्बास म्हणताना तुम्ही हसता."

चष्मेवाल्याने काचांची पेटी बंद केली. ती आधीच बंद होती, म्हणून उघडली आणि पुन्हा बंद केली.

"तुला दिसत नव्हतं तर सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्ही विचारलं नाही. गिऱ्हाइकांचं ऐकून मला पाठ झालं होतं, तुम्ही नुसतं म्हणायला लावायचात." मग तिला वाटलं असावं की हे भांडल्यासारखं झालं, म्हणून तिने पुढे जोडलं, "आणि नीट म्हटलं की तुम्ही बोलायचात."

बाई दाराकडे तोंड करून भाजीच्या पिशवीतलं काहीतरी सारखं करत होत्या. भाजी सारखी करायला एवढा वेळ लागत नाही.

शेवटी त्याच बोलल्या. "तो कागद द्या." त्यांनी सही केलेला, खोडलेला, पुन्हा सही केलेला कागद बघितला आणि घडी घालून पिशवीत टाकला. "मुख्याध्यापकांना मी सांगते. चष्मा कधी होईल?"

"गुर..." चष्मेवाला म्हणाला. मग म्हणाला, "आत्ता. बसा. काच कापायला अर्धा तास."

"एक सांगून ठेवते. गणिताचं चष्म्याने काही होणार नाही. ते कच्चंच आहे."

"माझ्यावर गेलीय."

"ते कागदावरून वाटलंच. सहीसुद्धा दोनदा करून बघितलीत."

बाई अर्धा तास त्या तीन पायांच्या स्टुलावर, एक पाय जमिनीला रेटून, तोल सांभाळत बसल्या. काच घासायच्या यंत्राच्या आवाजात कुणाला काही बोलायची गरज नव्हती.

*

रविवारी फोनवर बायकोने विचारलं, "कसं काय?" चष्मेवाल्याने सगळं सांगितलं. काळी काच, काउंटर, कागद. मध्ये मध्ये तो थांबत होता. पलीकडून "ऐकतेय" एवढंच येत होतं. शेवटी ती म्हणाली, "दुकानात यायची तेव्हा तिला पाठ म्हणताना मी पण ऐकलंय हो. चार वर्षं. मलाही वाटायचं वाचतेय." आणि मग, "इथे मला काही ठीक वाटत नाही." त्या रविवारी अर्धा तास पुरला नाही.

आता सात वाजता बारकी खुर्चीत बसत नाही. दारात उभी राहते आणि रस्ता बघते. कुणाच्या गच्चीवर कुठलं झाड आहे, कोण कुणाशी बोलत नाही, हे तिला सगळं दिसतं. चष्मेवाला काउंटरमागून तिच्या पाठीकडे बघतो. तिला आता त्याची गरज जरा कमी पडते, हे त्याच्या लक्षात आलेलं आहे. हे चांगलं आहे असं तो स्वतःला सांगतो. सांगावं लागतं. एखाद्या संध्याकाळी तो विचारतो, "आज काय झालं वर्गात?" त्या प्रश्नाला कुठलंच बरोबर उत्तर नसतं, त्यामुळे पहिले काही दिवस दोघांनाही पुढे काय करायचं ते कळलं नाही.

पुढच्या महिन्यातला पालकभेटीचा शनिवार आला. वहीत चिठ्ठी नव्हती. चष्मेवाल्याने वही दोनदा झटकून बघितली. दहा वाजता तो शाळेत गेला.

बाईंनी यादी पाहिली. "तुम्हाला बोलावलं नव्हतं."

"हो."

"काही तक्रार आहे?"

"नाही. तुमची?"

"नाही. भागाकार सोडला तर." बाईंनी खुणेने बाक दाखवला. दाराशी चिठ्ठी हातात घेतलेले एक आई-वडील उभे होते, चेहरे पांढरेफटक. बाईंनी त्यांना थांबायला सांगितलं. "काही नसताना कुणी येत नाही," त्या म्हणाल्या. "काय बोलतात अशा वेळी, मला नीट माहीत नाही."

"मलाही नाही."

मग दोघं बसली. खिडकीबाहेर मैदानावर मुलं धावत होती आणि त्यातली एक सगळ्यांत उंच होती. चष्मेवाला तिच्याकडे बघत होता. बाईही बघत होत्या. बऱ्याच वेळाने चष्मेवाल्याने उठायची तयारी म्हणून एक गुडघा बाकाबाहेर काढला.

बाईंनी घड्याळ स्वतःकडे वळवलं. "अजून तीन मिनिटं आहेत," त्या म्हणाल्या.

त्याने गुडघा पुन्हा आत घेतला.